एक जानेवारी

सॅल्मनच्या कारखान्यात अकरा महिने
बोटं गोठवली, तेव्हा घेतला,
कास्त्रोच्या दुकानात, साबणाच्या वडीएवढा, चंदेरी.
सात मेगापिक्सेल.
दुकानदार म्हणाला, बाई, सात म्हणजे डोक्यावरून पाणी.
मी मान डोलावली.
सात काय, मला एकही कळत नव्हता.

दुसऱ्याच वर्षी त्याच्या पोटातली
मसुराएवढी बॅटरी मेली.
तेव्हापासून मोठी बॅटरी चार्जिंगला काढली
की हा सगळं विसरतो
आणि जागा झाल्यावर विचारतो : आज तारीख काय?
सुरुवातीला सांगायचे. मग कंटाळले.
नुसतं ठीक दाबते, आणि तो आपला धरून चालतो
एक जानेवारी दोन हजार पाच,
रात्रीचे बारा.

म्हणून माझ्या घरात सगळं एकाच रात्री घडलं.
यास्नाचं पहिलं कम्युनियन, एक जानेवारी.
बटाट्यांची काढणी, जांभळे, काळे, वाकडे,
जे आम्ही मार्चमध्ये काढतो, एक जानेवारी.
मेंढीला तिळं.
नवऱ्याच्या बोटीला नवा पिवळा रंग,
पुढच्याच फोटोत रंग तोच आणि बोट रिकामी,
एक जानेवारी.

भिंगात वाळू गेली आहे. मांडीवर आपटलं
की कुरकुरत बाहेर येतं,
शिंपल्याने जीभ काढावी तसं.

आता अचाओच्या कचेरीत
ओयार्सून नावाचा कारकून, चष्मा कपाळावर,
म्हणतो, घर या जागेवर कधी आलं? पुरावा?
घर किनाऱ्यावरून आलं, ओंडक्यांवरून,
बैलांच्या चौदा जोड्या, अख्खं गाव दोराला,
खिडक्यांचे पडदेसुद्धा उतरवले नव्हते.
मिंगा म्हणतात त्याला. नंतर जेवण असतं.
पावती नसते.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला.
तो बटण दाबत गेला. पुढे, पुढे, मागे.
"बाई, यानुसार मध्यरात्री
बारा वाजून चार मिनिटांनी, भर उन्हात,
तुम्ही घर ओढलंत."
शेजारच्या टेबलावरची फिसकन हसली. मीही हसले.
म्हटलं, तारीख सोडा, माणसं बघा.
ही यास्ना, पुढचे दोन दात नाहीत.
दात कितव्या वर्षी पडतात ते कचेरीला माहीत असेल.
हे सफरचंदाचं झाड, कमरेएवढं, आज येऊन बघा.
आणि कोपऱ्यातला हा गुलाबी डोंगर,
तो माझा अंगठा.

तो बोलेना.
झूम करत राहिला.
दोराच्या टोकाशी, दोन तांबड्या बैलांमध्ये
पाठमोरा एक माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी.
टोपी मोठी झाली, आणखी मोठी,
मग टोपी उरलीच नाही,
नुसते चौकोन, राखाडी, तपकिरी, एक निळा.
तो थांबला. बटण उलटं दाबलं, हळूच,
जिथे चौकोनांची पुन्हा टोपी होते
तिथवर.

"लुसेरो आणि क्लावेल," तो म्हणाला.
बैलांची नावं मलाही ठाऊक नव्हती.
चष्मा कपाळावरून खाली आला.

कोण तुमचे, असं विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.
बॅटरीचं चिन्ह लाल लुकलुकत होतं, तेही सांगितलं नाही.
त्याच्या तळहातावर कॅमेरा आपणहून मिटला,
भिंग आत ओढून घेत, नेहमीसारखं
अर्धवट.

शिक्का काही मारला नाही.
गुरुवारी या म्हणाला, फोटोची प्रत काढून,
कास्त्रोला काढतात, रंगीत.
मी दारापर्यंत गेले तेव्हा पाठीमागून,
"दोन काढा.
एक फाइलला लागेल."